लोहाराचा भाता आणि दहा मिनिटांचा दंड

१९१३ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. फ्रान्सच्या दक्षिणेकडील पिरेनीज पर्वतातल्या तुर्माले घाटातून एक सायकलपटू मोडकी सायकल खांद्यावर टाकून पायीच खाली उतरत होता. त्याचे नाव युजीन क्रिस्तोफ. ‘तूर द फ्रान्स’ ही जगातली सर्वांत नामांकित सायकल शर्यत जिंकण्याची उत्तम संधी त्याला त्या दिवशी होती. पण उतारावर त्याच्या सायकलचा पुढचे चाक धरणारा चिमटाच मोडला आणि क्रिस्तोफला पायपीट करावी लागली.

दहा किलोमीटरहून अधिक अंतर चालून तो सेंट-मारी-द-कांपां या गावी पोहोचला. तेथे एका लोहाराची भट्टी होती. पण शर्यतीचा नियम मोठा कडक होता. सायकल बिघडली तर ज्याची त्यानेच ती दुरुस्त करायची, दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. लोहाराने भट्टी आणि हत्यारे दिली, पण लोखंड तापवण्यापासून ठोकण्यापर्यंतचे सारे काम क्रिस्तोफलाच करावे लागले. नियम पाळला जातो की नाही हे पाहायला शर्यतीचे पंच दारातच उभे होते. एका हातात तापलेला चिमटा, दुसऱ्या हातात हातोडा. मग भाता कोण हलवणार? तिथल्या एका लहान मुलाने तो हलवला.

कित्येक तास खर्ची पडले. विजयाची आशा तर केव्हाच संपली होती. तरीही क्रिस्तोफने सायकल जोडली आणि तो दिवसाचा टप्पा पूर्ण करूनच थांबला. पंचांनी मात्र त्याला दहा मिनिटांचा दंड ठोठावला. कारण काय, तर भाता त्याने स्वतः हलवला नव्हता! पुढे हा दंड कमी करून तीन मिनिटांवर आणण्यात आला. त्या वर्षी शर्यत जिंकली ती बेल्जियमच्या फिलिप तीसने.

या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे उलटली. आज ती वाचणाऱ्या कोणालाही पंचांचा राग येईल आणि क्रिस्तोफची दया येईल. पण त्या दिवशी भट्टीच्या दारात जो प्रश्न उभा राहिला, तो सायकल शर्यतींच्या जगाने अजूनही पुरता सोडवलेला नाही. नियम न्यायासाठी असतो हे खरे, पण नियमाचे अक्षर पाळताना न्यायच हरवला तर काय करायचे?

मदतीची शिक्षा

रस्त्यावरची सायकल शर्यत वरवर पाहता एकेकट्याची वाटते, पण प्रत्यक्षात ती संघाची असते. पुढे जाणारा वारा कापतो आणि त्याच्या मागे चाकाला चाक लावून चालवणाऱ्याची बरीच ताकद वाचते. म्हणूनच प्रत्येक संघातले बहुतेक सायकलपटू आपल्या म्होरक्यासाठी राबतात. त्याला आडोसा देतात, मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, वेळ पडली तर आपले चाकही काढून देतात. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तूर द फ्रान्समध्येही डोंगरातल्या अशा राजाला लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. पण त्या राजामागे कितीजणांचा घाम असतो हे प्रेक्षकांना फारसे दिसत नाही.

मात्र ही मदत आपल्याच संघातल्या माणसाने करायची असते. परक्या संघातल्याने चाक देणे नियमबाह्य आहे. २०१५ साली इटलीच्या ‘जिरो’ शर्यतीत हा नियम एकाएकी चर्चेत आला. १९ मे रोजी दहावा टप्पा संपायला सहाएक किलोमीटर उरले असताना ऑस्ट्रेलियाच्या रिची पोर्टचे चाक पंक्चर झाले. एकूण क्रमवारीत तो तेव्हा तिसरा होता. त्याच्या संघातले सोबती लगेच हाताशी नव्हते. त्याचाच देशबांधव सायमन क्लार्क दुसऱ्या संघातून खेळत होता. तो थांबला आणि त्याने क्षणाचाही विचार न करता आपले पुढचे चाक काढून पोर्टला दिले.

ज्यांनी ते दृश्य पाहिले त्यांनी टाळ्या वाजवल्या. छायाचित्रे जगभर पसरली. आणि मग पंचांनी नियमाची वही उघडली. पोर्ट आणि क्लार्क या दोघांनाही प्रत्येकी दोन मिनिटांचा दंड झाला, शिवाय दोनशे स्विस फ्रँक भरावे लागले ते वेगळेच. पंक्चरमुळे गेलेली ४७ सेकंद आणि दंडाची दोन मिनिटे मिळून पोर्ट तिसऱ्या स्थानावरून थेट बाराव्या स्थानी घसरला.

हा अन्याय झाला का? भावनेने विचार केला तर कोणीही ‘हो’ म्हणेल. पण जरा थांबून पाहिले तर नियमामागचा हेतू ध्यानात येतो. परक्या संघाची मदत चालते असे एकदा ठरले, की पैसेवाला संघ दुबळ्या संघांतली माणसे आतून विकत घेऊ लागेल. शर्यत रस्त्यावर न होता आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत ठरेल. १९०४ साली, तूर द फ्रान्सच्या दुसऱ्याच वर्षी, शर्यतीत एवढे गैरप्रकार झाले की पहिले चारही क्रमांक बाद करून आंरी कॉर्ने या जेमतेम विशीच्या उंबरठ्यावरच्या पोराला विजेता घोषित करावे लागले होते. काहीजणांनी तर रेल्वेने प्रवास केल्याचे आरोप होते. असला इतिहास पाठीशी असल्यावर पंचांचे हात बांधलेले असतात.

क्लार्कच्या मनात सौदा नव्हता, हे सगळ्यांना दिसत होते. पण पंचांना कृती मोजता येते, मन मोजता येत नाही. म्हणून शिक्षा झाली. आणि तरीही त्या दिवशी क्लार्कने चाक दिले नसते तर बरे झाले असते, असे म्हणायला कोणाचीही जीभ रेटणार नाही. कधीकधी नियमही बरोबर असतो आणि तो मोडणारा माणूसही.

वेग कोणाचा?

दुसरा वाद आहे तो सायकलचा. शर्यत माणसांची की यंत्रांची?

स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री हा या वादाचा नायक. त्याच्याजवळ मोठा संघ नव्हता, पैसा नव्हता. त्याने स्वतःच्या डोक्याने एक सायकल बनवली. तिच्यात धुलाई यंत्रातले बेअरिंग बसवले होते. हात छातीखाली घट्ट दुमडून, जवळजवळ हँडलवर झोपूनच तो ती चालवी. या विचित्र बैठकीमुळे वाऱ्याचा विरोध पुष्कळच कमी होई. १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेत हामार येथे त्याने एका तासात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून जागतिक विक्रम केला. विशेष म्हणजे आदल्याच दिवशी त्याचा प्रयत्न फसला होता!

सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला मात्र हा प्रकार रुचला नाही. १९९४ मध्ये तिने ही बैठक बंद केली आणि त्याच वर्षी पालेर्मोच्या जागतिक स्पर्धेतून ओब्रीला बाद केले. ओब्रीने हार मानली नाही. त्याने हात पुढे लांब ताणून बसण्याची नवी रीत काढली आणि १९९५ साली तो पुन्हा जगज्जेता झाला. पुढे ती बैठकही निषिद्ध ठरली.

संघटनेचे म्हणणे असे की सायकल ही सायकलच राहिली पाहिजे आणि जिंकायला हवा तो माणूस. याच विचारातून २००० सालापासून शर्यतीच्या सायकलचे वजन ६.८ किलोग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये असा नियम आला. वजन कमी करण्याच्या नादात सायकल इतकी नाजूक होऊ नये की उतारावर मोडून पडावी, हाही त्यामागचा हेतू होता. क्रिस्तोफचा चिमटा ज्यांना आठवतो, त्यांना या नियमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९१९ साली, शर्यतीतली पहिलीवहिली पिवळी जर्सी अंगावर असताना, त्याचा चिमटा पुन्हा मोडला होता आणि हाती आलेले विजेतेपद पुन्हा एकदा निसटले होते.

पण ओब्रीच्या बाबतीत एक बोच राहतेच. श्रीमंत संघ प्रयोगशाळेत वाऱ्याच्या बोगद्यात जे शोधतात, ते या माणसाने घरच्या घरी शोधले. नियमाने त्यालाच आधी अडवले. न्यायाच्या नावाने केलेला नियम गरीब कल्पकाच्या वाट्याला जास्त काचतो, हे सायकलच्या जगातच घडते असे नाही.

डोक्यावरचे ओझे

सुरक्षेच्या नियमांची कथा तर याहून वेदनादायक आहे. कारण तेथे दंड मिनिटांत भरावा लागत नाही.

आज टीव्हीवर शर्यत पाहणाऱ्या मुलांना खरे वाटणार नाही, पण १९९० च्या दशकात डोंगरी टप्प्यांत बहुतेक नामांकित सायकलपटू उघड्या डोक्याने सायकल चालवत. १९९१ साली संघटनेने हेल्मेट सक्तीचे करायचे ठरवले, तेव्हा सर्वांत मोठा विरोध खुद्द सायकलपटूंनीच केला. पॅरिस-नीस शर्यतीत त्यांनी निदर्शने केली. हेल्मेटने उकडते, डोके जड होते, आमच्या डोक्याचे काय करायचे ते आम्ही ठरवू, असा त्यांचा सूर होता. सक्ती मागे घ्यावी लागली.

१८ जुलै १९९५. तूर द फ्रान्सचा पंधरावा टप्पा. पोर्ते दास्पे घाटाच्या उतारावर काही सायकलपटू एकदम कोसळले. त्यांत फाबिओ कासार्तेल्ली होता. इटलीचा हा तरुण १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधला सुवर्णपदक विजेता. त्याचे डोके रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. पंचविसावा वाढदिवस अवघ्या महिन्याभरावर आला होता आणि घरी तान्हे मूल होते. कासार्तेल्ली वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी कोणीच शर्यत लावली नाही. सगळे संथपणे एकत्र चालले आणि शेवटी कासार्तेल्लीच्या संघसोबत्यांना पुढे जाऊ देऊन इतरांनी मागे राहणे पसंत केले. लोकांचे डोळे पाणावले. हेल्मेट असते तर तो वाचला असता का, यावर जाणकारांत एकमत झाले नाही. आणि नियम? तो काही झाला नाही.

त्यासाठी आणखी आठ वर्षे आणि आणखी एक जीव जावा लागला. मार्च २००३ मध्ये, त्याच पॅरिस-नीस शर्यतीत, कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह सेंत-एतिएन शहराच्या परिसरात पडला. त्याच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते. १२ मार्च रोजी त्याचा मृत्यू झाला. ५ मे २००३ पासून हेल्मेट सक्तीचे झाले. तरीही सुरुवातीला एक सवलत ठेवली होती. टप्पा घाटमाथ्यावर संपणार असेल तर शेवटच्या चढणीवर हेल्मेट काढले तरी चाले. पुढे तीही बंद झाली.

आज एकही व्यावसायिक सायकलपटू हेल्मेटविना शर्यतीत उतरत नाही आणि कोणाला त्याचे ओझेही वाटत नाही. मग बारा वर्षे कशात गेली? सवयीत गेली. आपल्याकडे स्कूटरचे हेल्मेट आरशाला किंवा कोपराला लटकवून हिंडणाऱ्यांनी फ्रान्समधल्या त्या सायकलपटूंना हसण्यात अर्थ नाही.

दोष कोणाचा?

५ ऑगस्ट २०२० रोजी पोलंडमधील कातोवित्से शहरात शर्यतीचा पहिला टप्पा संपत होता. शेवटचा रस्ता उताराचा असल्याने सायकलींचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या घरात होता. नेदरलँड्सचे दोन वेगवान सायकलपटू, डिलन ख्रूनवेगन आणि फाबिओ याकोबसेन, खांद्याला खांदा लावून शेवटच्या रेषेकडे झेपावत होते. ख्रूनवेगनने आपली सरळ रेषा सोडली आणि याकोबसेन कठड्यावर जाऊन आदळला. कठडे उडाले. याकोबसेनला कृत्रिम बेशुद्धीत ठेवावे लागले, त्याचे बहुतेक दात गेले, चेहऱ्यावर अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

ख्रूनवेगनला नऊ महिन्यांची बंदी झाली. ती योग्यच होती. रेषा सोडून दुसऱ्याचा मार्ग अडवणे हा गुन्हाच आहे. पण तो एकटाच दोषी होता का? उतारावर टप्पा कोणी संपवला? माणूस आदळताच उखडून जाणारे कठडे कोणी लावले? शिक्षा मात्र एकालाच झाली. लोकांनी तर त्याला जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या.

या अपघातानंतर संघटना हलली. कठड्यांचे आणि शेवटच्या रस्त्यांचे नियम कडक झाले. १ एप्रिल २०२१ पासून उतारावर सायकलच्या आडव्या दांडीवर बसून वेग घेण्यास बंदी आली. आपल्याकडे ज्या दांडीवर लहान मुलाला बसवून फिरवतात, त्याच दांडीवर अंग चोरून बसत हे शूर वीर घाट उतरत असत! २०२५ पासून फुटबॉलसारखे पिवळे कार्ड आले. एकाच शर्यतीत दोन पिवळी कार्डे मिळाली की खेळाडू बाद. हे कार्ड केवळ सायकलपटूला नव्हे, तर संघाच्या मोटारचालकालाही दाखवता येते, ही त्यातली मोठी सुधारणा. रस्त्यावरच्या सर्वांनाच शिस्त हवी, हे शेवटी मान्य झाले.

आणि ते दोघे? २ जुलै २०२२ रोजी तूर द फ्रान्सच्या डेन्मार्कमधील दुसऱ्या टप्प्यात याकोबसेन पहिला आला. दुसऱ्याच दिवशी तिसरा टप्पा ख्रूनवेगनने जिंकला. ज्याने मरण पाहिले तो परत आला आणि ज्याला लोकांनी खुनी ठरवले होते तोही परत आला. शिक्षा भोगून झाल्यावर माणसाला पुन्हा उभे राहू देणे, हाही न्यायाचाच भाग आहे.

जंगलातली वाट

एवढे होऊनही प्रश्न संपलेले नाहीत. २६ सप्टेंबर २०२४ रोजी झ्युरिक येथील जागतिक स्पर्धेत, पावसाने निसरड्या झालेल्या वाटेवर, म्युरिएल फुरर ही अठरा वर्षांची स्विस सायकलपटू जंगलातल्या भागात पडली. ती पडली हे बराच वेळ कोणाच्या लक्षातच आले नाही. शर्यत चालूच राहिली. दुसऱ्या दिवशी तिचा रुग्णालयात मृत्यू झाला.

ज्या खेळात सायकलपटूच्या नाडीचे ठोकेही संघाला कळू शकतात, त्याच खेळात एक मुलगी झाडीत पडून राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही, याने सारेच हादरले. उपग्रहाच्या साह्याने ठावठिकाणा सांगणारे छोटे यंत्र प्रत्येकाच्या सायकलला असावे, अशी मागणी पुढे आली. ऑगस्ट २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमध्येच महिलांच्या एका शर्यतीत त्याची चाचणी ठरली. प्रत्येक संघातल्या एकीने हे यंत्र लावायचे होते. पण यंत्र कोणाला लावायचे हे संघटनेने संघांवर सोपवले. नुकसान झाले तर जबाबदारी कोणाची, माहिती कोणाच्या मालकीची, असे मुद्दे काढून पाच संघांनी नाव द्यायला नकार दिला आणि संघटनेने ते पाचही संघ शर्यतीतून काढून टाकले. सुरक्षा हवी यावर दोन्ही बाजूंचे एकमत होते. भांडण होते ते अधिकाराचे. पण घरी जावे लागले ते महिनोन् महिने तयारी केलेल्या मुलींना.

त्याच वर्षी सायकलचा कमाल गिअर मर्यादित करून उतारावरचा वेग कमी करता येईल का, हे पाहायचे ठरले. त्याचा फटका एका विशिष्ट कंपनीच्या सुट्या भागांना बसणार होता. कंपनीने तक्रार केली आणि बेल्जियमच्या स्पर्धा प्राधिकरणाने त्या चाचणीला स्थगिती दिली. सुरक्षेचा नियम करतानाही तो सर्वांना सारखाच लागू पडतो का, हे तपासावे लागते. घाई केली तर अन्याय होतो आणि उशीर केला तर जीव जातो. या दोहोंच्या मधली वाट काढणे हेच नियम करणाऱ्यांचे खरे काम.

दारातली सायकल

हजारो मैलांवरच्या या शर्यतींशी सामान्य कुटुंबाचा काय संबंध, असे एखाद्या गृहिणीला वाटेल. पण सायकल तर दारातच उभी असते. मुलगा शिकवणीला तिच्यावरून जातो, मुलगी शाळेत जाते. ब्रेकचे रबर झिजले आहे, चाक डगडगते आहे, हे ठाऊक असूनही ‘रविवारी बघू’ म्हणून काम पुढे ढकलले जाते. हेल्मेट आणलेले असते, पण केस विस्कटतात म्हणून ते कपाटावरच राहते. आणणाऱ्यानेही ते मापाचे आहे का, पट्टा नीट आवळला जातो का, हे पाहिलेले नसते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे लागते, हे तर फार थोड्यांना माहीत असते.

नियम सांगणारा बाप स्वतः हेल्मेटशिवाय स्कूटर काढतो, तेव्हा पोराच्या दृष्टीने तो नियम उरत नाही, नुसता जाच होतो. पॅरिस-नीस शर्यतीतल्या शूरवीरांनी हेल्मेटला जाच म्हटले, त्याची किंमत दोघांच्या घरच्यांनी मोजली.

क्रिस्तोफला तूर द फ्रान्स शेवटपर्यंत जिंकता आली नाही. पण त्या गावात जेथे ती भट्टी होती, तेथे आज त्याच्या नावाची पाटी आहे. त्या वर्षीच्या विजेत्यापेक्षा लोकांना तोच अधिक आठवतो. आणि त्याच्याबरोबर आठवतो तो भाता हलवणारा पोर, ज्याच्या मदतीची किंमत नियमाने आधी दहा आणि मग तीन मिनिटे ठरवली. आज कोणाची सायकल घाटात मोडली तर संघाची मोटार मागून येते आणि काही क्षणांत दुसरी सायकल हाती देते. तो जुना नियम चुकीचा होता हे लोकांना हळूहळू कळले आणि तो बदलला. आजच्या नियमांतलेही काही उद्या चुकीचे ठरतील. ते बदलायला दरवेळी कोणाच्या तरी घरात दिवा विझण्याची वाट पाहू नये, एवढेच.